पंक्चरच्या पाण्यातल्या मेणबत्त्या

दोन नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या दिवशी, मी दोन पेट्या मेणबत्त्या घेऊन प्रोटेस्टंट लोकांच्या कब्रस्तानाच्या दारात विकायला बसलो. प्रोटेस्टंट लोक कबरींवर मेणबत्त्या लावत नाहीत.

हे आधीच सांगून मोकळा होतो, कारण परवा माझा पुतण्या सल्ला मागायला आला. त्याला मेणबत्त्यांचा छोटा धंदा काढायचाय. वासाच्या, काचेच्या पेल्यातल्या, हॉटेलात टेबलावर ठेवतात तसल्या. कुणीतरी त्याला सांगितलं, की काकांनी तरुणपणी हा धंदा केलाय, काकांना अनुभव आहे. विहिरीत पडलेल्या माणसाला पोहण्याचा अनुभव आहे म्हणावं, तसा तो आहे. पुतण्या पेन काढून म्हणाला, "काका, मुद्देसूद सांगा." मुद्दे मला एकही आठवेना. त्या धंद्यातले माझे भागीदार लाजरसभाऊ मात्र असे डोळ्यांपुढं येऊन उभे राहिले, की मी बोलायचाच थांबलो. पुतण्याला वाटलं काकांचा बीपी वाढला.

बहात्तर साल. मॅट्रिकला गणितात आपटून मी श्रीरामपुरात मामाच्या सायकलच्या दुकानात बसत होतो. तासावर सायकली भाड्यानं द्यायच्या, पंक्चर काढायची, हवा भरायची. पण त्या वर्षी पाऊस असा तोंड फिरवून गेला, की लोकांना जायला ठिकाणच उरलं नाही. भाड्यानं सायकल घेऊन जाणार कुठं? शेतात काही नाही, बाजारात काही नाही. दिवसभर दुकानात मी, पंप आणि पंक्चर बघायचं पाण्याचं घमेलं. ते पाणी बदलायचं नाही असा मामाचा हुकूम. त्यामुळं ते इतकं काळं झालं होतं, की त्यात ट्यूब बुडवली तर बुडबुडे कुठून येतात ते अंदाजानं ओळखावं लागे.

एका दुपारी एक उंच, वाळलेला माणूस जवळजवळ पळतच दुकानात आला. अंगात साखर कारखान्याचा खाकी शर्ट, गळ्यात काळ्या दोऱ्यात मतमाउलीचा, म्हणजे मरियामातेचा, बिल्ला, आणि गोणपाटात गुंडाळलेलं काहीतरी तान्ह्या पोरासारखं छातीशी धरलेलं.

"शेठ," तो म्हणाला, "तुमचं पानी जरा उसनं पायजे."

त्या दुष्काळात पाण्याच्या बाबतीत 'उसनं' हा शब्द मी पहिल्यांदाच ऐकला. मी म्हटलं, पाणी काय उसनं देतात होय? परत कसं करणार?

"न्यायचं न्हाई. हितंच बुडवतो. तुमचं पानी तुमालाच ऱ्हाईल."

मी हो-नाही म्हणायच्या आत त्यानं गोणपाट सोडलं. आत ॲल्युमिनियमचा साचा होता, मेणबत्त्यांचा. वितळलेलं मेण ओतून झालेलं, साचा चटके देत होता. साचा पाण्यात उभा केल्याशिवाय मेण आत घट्ट होत नाही, भिंतीला धरून बसतं, आणि उघडावं तर मेणबत्तीचे तुकडे हातात येतात. घरी पाण्याचा थेंब नव्हता, टँकर आला नव्हता, आणि मेण काही टँकरसाठी थांबत नाही. म्हणून हा माणूस स्टेशनच्या मागच्या वस्तीतून गरम साचा पोटाशी धरून, पाणी शोधत निघाला होता. घमेल्यात साचा टेकवला आणि त्यावर हात ठेवून तो शांत बसून राहिला. ताप आलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा हात. तेव्हा मला दिसलं, की त्या उजव्या हाताची शेवटची तीन बोटं भाजून एकमेकांना चिकटलेली होती.

साचा उघडला. मेणबत्त्या निघाल्या पांढऱ्याशुभ्र, आणि प्रत्येकीच्या बुडाशी टायरच्या काळ्या पाण्याचा एकेक पट्टा. मला वाटलं, आता हा माझ्या नावानं बोटं मोडणार. त्यानं एक मेणबत्ती उजेडात फिरवून पाहिली.

"हिला नक्षी म्हनून इकू," तो म्हणाला.

हे लाजरसभाऊ.

पुढं रोजच येऊ लागले. कारखान्यात ते रसाच्या कढईवर होते. वाफेचा नळ सुटला आणि हात गेला. कारखान्यानं पुढच्या हंगामाला बघू म्हटलं, आणि पुढच्या हंगामाला ऊसच नव्हता. दुष्काळी काम निघालं होतं, खडी फोडायचं, पण त्या हातात हातोडा धरवेना. म्हणून बायको जात होती. सगुणाबाई. पुणतांब्याच्या रस्त्यावर दिवसभर उन्हात बसून दगड फोडायचे, संध्याकाळी मजुरीतली मिलो, म्हणजे अमेरिकेची लाल ज्वारी, आणि सुकडी पदरात बांधून चालत यायचं. मेणबत्त्या करायचं कसब लाजरसभाऊंनी लहानपणी फादरांच्या बंगल्यावर एका म्हाताऱ्या आचाऱ्याकडून उचललं होतं. साचाही त्या आचाऱ्याचाच. त्या साच्याच्या जोरावर त्यांना जगात एकच गोष्ट करायची होती: सगुणाबाईला खडीवरनं उठवायचं. बाकी त्यांना धंद्यातून काही मिळवायचं नव्हतं. मेणाची लादी हातात घेतली, की ते तिचं वजन करत नसत. ही लादी सगुणीला किती दिवस घरी बसवील, एवढंच बघत.

मी भागीदार कधी झालो ते मलाही कळलं नाही. माझं भांडवल म्हणजे एक सायकल, तिच्या कॅरियरला बांधलेली पेटी आणि घमेलं. मामाला सांगितलं नव्हतं. मामा म्हणाला असता, की नापास माणसानं एका वेळी एकच धंदा बुडवावा.

सल्ला देणं हा लाजरसभाऊंचा जन्माचा छंद. न्हाव्याला वस्तऱ्याबद्दल, रसवाल्याला बर्फाबद्दल, मला तर सगळ्याबद्दल. स्वर असा, की जणू मागं त्यांच्या चार पेढ्या चालू आहेत. पायात वहाणेचा अंगठा दोऱ्यानं बांधलेला, आणि बाकावर पाय पसरून सांगणार, "शेठ, धंद्याला दुकान लागत न्हाई, दम लागतो." त्यातले निम्मे सल्ले साफ चुकीचे असत. स्टेशनबाहेर बसायचं, प्रवासी मेणबत्त्या घेतात, असं त्यांनी एकदा छातीठोक सांगितलं. आम्ही बसलो. एका माणसानं घेतली, ती सुटकेसची चेन घासायला.

पण उरलेले निम्मे सल्ले मी पुतण्याला जसेच्या तसे दिले, कारण त्यात सुधारणा करायची माझी लायकी नाही. मेण कुणीही वितळवील, आधी वात बघा. वात जाड तर धूर, बारीक तर मेणात बुडून मरते. मेणाचा डबा चुलीवर थेट ठेवायचा नाही, पाण्याच्या भांड्यात ठेवायचा, नाहीतर घर पेटतं. आधी गिऱ्हाईक शोधा, मग साचा भरा. आणि रंगाच्या नादी लागू नका.

"अंधारात लावायची वस्तू," ते म्हणत. "तिचा रंग बघाया दुसरी मेनबत्ती लावायची का?"

माल विकायची त्यांची रीत एकच. दुकानात जायचं, भर दुपारी गल्ल्यावर मेणबत्ती पेटवायची आणि समोर बसायचं. बोलायचं नाही. दुकानदारानं विचारलं तर बोट दाखवायचं, बघा म्हणून. एका किराणावाल्याकडं ते असे बसले, की गिऱ्हाइकं आत यायला बिचकू लागली. त्यांना वाटलं शेटजींच्या घरी कुणी गेलं की काय. दुकानदार अखेर म्हणाला, बाबा रे, घेतो तुझा माल, पण ही विझव आणि ऊठ. "विझवू कशी?" लाजरसभाऊ म्हणाले. "आजून ती किती जळती ते तुमी बघितलंच कुठं?" तो किराणावाला पुढं त्यांना लांबूनच बघून हात जोडायचा.

गावातली लाईट गेली, की सगळं श्रीरामपूर एका सुरात 'अरे' म्हणायचं. लाजरसभाऊ तेवढे छातीवर क्रूस करून उठायचे आणि रस्त्याच्या मधोमध उभे राहून खिडक्या बघायचे. कुठली मेणबत्ती आपली, हे ज्योतीवरून ओळखत. ती आमची, ती मुंबईची, ती आमची, ते कंदील, मरू दे. लाईट आठवडाभर टिकली की त्यांचा चेहरा उतरायचा. लाईटवाल्यांच्या घरी सगळं ठीक आहे ना, म्हणून चौकशी करायचे. आणि त्यांच्या स्वतःच्या घरात मात्र रॉकेलची चिमणी. मी एकदा सगुणाबाईंना विचारलं, तुम्ही का नाही लावत? त्या कमी बोलत, पण बोलल्या की टाका घातल्यासारखं. "आमच्यात मेनबत्ती इकायची असती, दादा. लावायची ती कबरीवर, तेवढं आमचं वय न्हाई झालं."

रंगाबद्दलचा सल्ला मी ऐकला नाही, हे निराळं सांगायला नको. सप्टेंबरात एका गावी मतमाउलीचा सण होता. मी मनात आणलं, की सणाला लाल मेणबत्त्या शोभतील, आणि भाऊंना चकित करू. दुकानात मडगार्डचा लाल रंग होता. तो मी मेणात ओतला. मेणबत्त्या काय देखण्या झाल्या म्हणता! बायकांनी हौसेनं घेतल्या, मूर्तीच्या पायाशी रांगेनं लावल्या. थोडा वेळ बऱ्या जळल्या. मग तडतडायला लागल्या, मग काळा धूर सुटला, आणि गाणं म्हणणारी मंडळी एकेक करून खोकायला लागली. लाजरसभाऊंनी काय केलं, तर गर्दीतून वाट काढत गेले, गुडघे टेकले आणि त्या सगळ्या मेणबत्त्या एकेक करून त्या भाजलेल्या हातानं चिमटून विझवल्या. तो हात नाहीतरी भाजून झालाय, असं म्हणाले. परत येताना सायकल मी चालवत होतो, ते मागं बसले होते. अर्धी वाट झाल्यावर म्हणाले, "शेठ, मडगार्ड जळाल्याचा वास येत हुता." त्या विझवलेल्या मेणबत्त्यांचं मेण पुन्हा वितळवून उपयोगी पडेना. एवढ्या मेणात सगुणाबाई किती दिवस घरी बसल्या असत्या, ते त्यांच्या डोक्यात होतंच; मला दिसत होतं.

ऑक्टोबरात सगुणाबाईंच्या डोळ्यात दगडाची कपची उडाली.

दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी पट्टी बांधली आणि सांगितलं, की या डोळ्याचं काही सांगता येत नाही, पण धूळ आणि ऊन बंद करा. खडी तर अजिबात नाही, नाहीतर दुसराही दुखावेल. लाजरसभाऊ सगळं समजल्यासारखी मान हलवत होते. दोन दिवसांनी मी रस्त्यानं गेलो, तर सगुणाबाई डोळ्यावर फडकं बांधून खडीवर बसलेल्या. गैरहजर राहिलं की मुकादम हजेरीतून नाव कापी, जागेवर टपून बसलेली माणसं पुष्कळ होती, आणि नाव गेलं की मिलो गेली. त्या दिवशी पहिल्यांदा लाजरसभाऊंनी मला कसलाच सल्ला दिला नाही. घमेल्याजवळ येऊन बसले. मग म्हणाले, "शेठ, ती दगड आता कानानं फोडती. ठोका कुठं पडला ते ऐकती."

त्यांचा सगळा भरवसा आता दोन नोव्हेंबरवर होता. त्या दिवशी कॅथलिक माणूस, कितीही गरीब असो, आपल्या माणसाच्या कबरीवर मेणबत्ती लावतो. फादर येतात, पाणी मंत्रून शिंपडतात, संध्याकाळी सगळं कब्रस्तान उजळतं. गावागावांत. मुंबईचा माल खेडोपाडी येत नव्हता. भाऊ म्हणाले, त्या एका दिवसात एवढं विकायचं, की मेणाचा पुढचा साठा दारात येईल आणि नाताळापर्यंत धंदा आपल्या पायावर उभा राहील. मग सगुणी उठली.

मेण आणायला त्यांनी घरातली शेळी दिली. आणि आमचं काम सुरू झालं. आमचं खरं भांडण पाण्याशी होतं. माझं घमेलं एवढ्या मालाला पुरेना. वस्तीत टँकर येई तो गाव भरून झाल्यावर, तळाशी उरलेलं घेऊन. त्याच्या रांगेत दिवसभर दगड फोडून आलेल्या सगुणाबाई उभ्या. मिळालेलं पाणी आधी साच्याला. शेजारच्या बायका दारात येऊन बोलायच्या, प्यायला नाही आणि हा बाबा मेणाला आंघोळ घालतोय. लाजरसभाऊ त्यांना समजवायचे, की बायांनो, मी पाणी खर्चत नाही, नुसतं त्याचं गारपण घेतो. बोलणं खरं होतं. पण ते पाणी मग कोमट व्हायचं, वर मेणाचा पापुद्रा धरायचा, आणि त्याच पाण्यात सगुणाबाई मिलोचं पीठ भिजवायच्या. मी तिथं एकदा भाकरी खाल्ली. ती गिळताना घशाखाली सरळ गेली, एवढंच सांगतो.

आदल्या दिवशी सगळा माल पेट्यांत भरला. एक पेटी घेऊन भाऊ स्वतःच्या गावी जाणार. तिथं ओळख होती, उभ्याउभ्या खपली असती. दोन मोठ्या पेट्या मी सायकलवर घेऊन राहात्याच्या पलीकडच्या एका गावी. तिथं कॅथलिक वस्ती मोठी, आणि विकणारं दुसरं कुणी नाही. भाऊ म्हणाले, गावाबाहेर कब्रस्तान आहे, दुपारीच जाऊन दारात बसा. एवढंच. मी विचारलं नाही, ते सांगायचे राहिले. आणि दोन तारखेला सकाळी त्यांनी सगुणाबाईंना कामावर जाऊ दिलं नाही. दारात आडवे उभे राहिले. म्हणाले, "आज उठलीस खडीवरनं. आता परत बसायचं न्हाई."

त्या गावात कब्रस्तानं दोन होती.

एक ओढ्यापलीकडं: उघडं माळरान, मातीचे उंचवटे, काटक्यांचे क्रूस. दुसरं अलीकडं: चुना लावलेली भिंत, लोखंडी फाटक, कडुनिंबाची झाडं, आखीव वाटा. माझं व्यापारी डोकं लगेच चाललं. जिथं भिंत आहे तिथं गिऱ्हाईक आहे. शिवाय, ख्रिस्ती म्हणजे ख्रिस्ती. त्यात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट असं काही असतं, आणि ते एकमेकांच्या मातीला जात नाहीत, हे इतके महिने लाजरसभाऊंबरोबर फिरूनही माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. फाटकाशी गोणपाट अंथरलं, मेणबत्त्या रचल्या, आणि भाऊंच्या शिकवणीप्रमाणं एक पेटवून समोर ठेवली.

थोड्या वेळानं एक म्हातारे गृहस्थ आले. धोतर, काळा कोट, हातात छत्री. आत जाऊन झाडांची वाळकी पानं काढून आले, मग माझ्याजवळ भिंतीला टेकून बसले. मला वाटलं, पहिलं गिऱ्हाईक, आणि वजनदार. त्यांनी गाव विचारलं, मामाचं नाव विचारलं, पावसाबद्दल बोलले. मी वातीबद्दल सांगितलं, मेणाबद्दल सांगितलं. त्यांनी अगदी मन लावून ऐकलं. ऊन उतरायला लागलं. कुणीच येईना. शेवटी मी धीर करून विचारलं, की लोक केव्हा येतात?

"कशाला?" ते म्हणाले.

"मेणबत्त्या लावायला. मेलेल्यांसाठी."

म्हातारबांनी माझ्याकडं, मग पेट्यांकडं, मग त्या जळणाऱ्या मेणबत्तीकडं पाहिलं. फार सौम्यपणे म्हणाले, "बाळ, आमचे मेलेले देवाजवळ आहेत. त्यांना उजेडाची टंचाई नाही." आणि छत्रीनं ओढ्याकडं दाखवून, "तुम्हाला ते लोक पाहिजेत. पण त्यांचं आता आटोपत आलं असेल. मला वाटलं, तुम्ही सावलीला बसलात."

ओढ्याच्या वाळूत सायकल रुतली. पेट्या एकेक करून डोक्यावर नेल्या. पलीकडं पोचलो तेव्हा फादर मोटारसायकलवरून निघून गेले होते आणि माणसं परत फिरली होती. मेणबत्ती मिळाली नाही म्हणून कुणी पणती लावली होती, कुणी रॉकेलचा बोळा. एका बाईनं कुठूनतरी एकच मेणबत्ती मिळवून तिचे तुकडे केले होते, आणि घरच्या सगळ्या कबरींवर एकेक बोटभर तुकडा जळत होता. ती मला म्हणाली, आत्ता आलास होय रे? मी तिला मूठभर मेणबत्त्या दिल्या. पैसे मागायला तोंड नव्हतं. ते बघून आणखी चारजणी आल्या, त्यांनाही दिल्या. विकत कुणीच घेतली नाही. फादर गेले, प्रार्थना झाली, दिवस सरला. उद्या मेणबत्ती घेऊन कबरीवर कोण येतं?

दुकानाच्या बाकावर लाजरसभाऊ वाट बघत बसले होते. त्यांची पेटी रिकामी झाली होती. माझ्या पेटीची कडी त्यांनीच काढली, आणि भरलेल्या मेणबत्त्यांवरून तो चिकटलेल्या बोटांचा हात फिरवला.

"भिंत हुती का?" त्यांनी विचारलं.

"होती."

"झाडं?"

"होती."

"ते आपलं न्हाई," ते म्हणाले. मग कडी परत लावत, "माजीच चूक. सांगायचं ऱ्हायलं." मी तोपर्यंत मनातल्या मनात शिव्या खायची तयारी करून आलो होतो, त्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं. काहीतरी बोलायचं म्हणून मी म्हातारबांचं वाक्य सांगितलं. ते ऐकून लाजरसभाऊ हसले. खरंच हसले. "उजेडाची टंचाई न्हाई. चांगलं बोललं म्हातारं." मग उठले आणि घरी सगुणाबाईंना सांगायला गेले.

पुढचं फार लांबलं नाही. शेळी गेली होती, मेण मेणबत्त्यांत अडकलं होतं, आणि त्या वर्षी लाईट गेली तर लोक अंधारातच बसून राहत होते. त्या दोन पेट्या मी गावभर फिरवल्या. भाऊंची दुपारची पेटवापेटवीही केली. पण माझ्यासमोर दुकानदार निर्धास्तपणे झोपायचे. सगुणाबाई परत खडीवर गेल्या, तर त्यांची जागा दुसऱ्या बाईला दिलेली. एका दिवसाची गैरहजेरी मुकादमाला पुरली. तेव्हा लाजरसभाऊ स्वतः त्याच्या पुढं जाऊन उभे राहिले. एका हातानं किती फोडशील, असं त्यानं विचारलं. हे म्हणाले, दुसऱ्या हाताला अजून विचारलं नाही, विचारतो. मुकादमाला हसू आलं, आणि त्यानं नाव घातलं.

म्हणजे सगुणाबाई खडीवरनं उठल्या. भाऊंना हवं ते झालं.

नाताळाच्या आधी मी त्यांना शेवटचं पाहिलं. पुढं त्र्याहत्तरच्या उन्हाळ्यात दोघं भिवंडीकडं गेल्याचं कळलं. तिथून पुढं काही नाही. त्या शेवटच्या भेटीच्या दिवशी मी सायकल हाणत पुणतांब्याच्या रस्त्याला गेलो, कारण माझ्याकडं आनंदाची बातमी होती. तो हात जोडणारा किराणावाला स्वतः होऊन दुकानात आला होता. नाताळासाठी मेणबत्त्या पाहिजेत म्हणाला, आमच्याच, न रंगवलेल्या, आणि मेण तो स्वतः आणून देणार होता.

रस्त्याच्या कडेनं दगडांचे ढीग, आणि प्रत्येक ढिगामागं एक माणूस, तोंडावर फडकं. कोण कुठला ते ओळखू येईना. पण भाऊंचा आवाज मी लांबून ओळखला. शेजारच्या ढिगावरच्या म्हातारीला ते सांगत होते, की पाऊस पडला की मसाल्याचा धंदा काढ, मिरची कांडायला दम लागतो, दुकान लागत नाही. म्हातारी दगड फोडत हूं हूं करत होती. भाऊंचा हातोडा त्यांच्या उजव्या मनगटाला लुगड्याच्या पट्टीनं करकचून बांधलेला होता, कारण मुठीत तो राहत नव्हता. प्रत्येक ठोक्याला सगळा दंड खांद्यापासून वर जायचा आणि दगडावर यायचा. पट्टी रक्तानं काळी पडली होती.

मी बातमी सांगितली. ते ठोका मारता मारता थांबले. चेहरा लाईट गेल्यावर खुलायचा तसा एकदा खुलला, आणि मग त्यांनी तो बांधलेला हात माझ्यासमोर धरला. धड होती ती दोन बोटंही आता आत वळून कडक झाली होती.

"वात ओवायची चिमटी ह्यात ऱ्हायली न्हाई, शेठ," ते म्हणाले. "तुमी करा. साचा घेऊन जा. तुमाला तर सगळं सांगितलंय."

तेवढ्यात सगुणाबाई भाकरी घेऊन आल्या. चालत आल्या होत्या, डोळ्यावर पदर ओढून. एक डोळा पांढरा पडला होता, दुसऱ्यानं बघत होत्या. मला तिथं काय झालं कोण जाणे, मी एकदम उभा राहिलो आणि भाषणच केलं. म्हटलं, वहिनी, मी करतो मेणबत्त्या, सगळ्या मीच करतो, मीच विकतो, निम्मे तुमचे. नाताळ होऊ द्या, भाऊंना इथून उठवलंच म्हणून समजा. या वेळी मी सगळं आधी नीट विचारून घेईन.

सगुणाबाईंनी भाकरी सोडली, नवऱ्याच्या मनगटाची पट्टी सोडली, पाण्याचा तांब्या त्याच्या डाव्या हातात दिला. मग त्या एका डोळ्यानं माझ्याकडं नीट पाहिलं.

"दादा," त्या म्हणाल्या, "तुमी आता कुनाचं भलं करू नगा."